पट्ट्याच्या वर हातभर

"चौदाव्या प्रश्नाला काय लिहू?" मी विचारलं.

"वाचन लिही," बहीण म्हणाली. ती ओट्याशी पाठ करून भांडी पुसत होती. "सगळे तेच लिहितात."

जेवणाच्या टेबलावर विम्याचा चार पानी अर्ज पसरला होता. पहिले तेरा प्रश्न सरळ होते. वय, उंची, वजन, आईवडील कोणत्या आजाराने गेले, तंबाखू किती. चौदाव्यात विचारलं होतं, की आपणांस जिवाला धोका पोचेल असा कोणता छंद आहे काय, असल्यास तपशील द्यावा. तपशिलासाठी दोन ओळी सोडल्या होत्या. समोर माझा मेव्हणा, म्हणजे या बहिणीचा नवरा, बसला होता आणि त्याचा तपशील दोन ओळींत मावणारा नव्हता.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. आठवडाभर कुठल्या ना कुठल्या इमारतीत, लिफ्ट वरखाली जाते त्या अंधाऱ्या उभ्या बोगद्यात, लिफ्टच्या टपावर उभा राहून तारेच्या दोरांना ग्रीस लावायचा. आणि रविवारी सकाळी शहराबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत, साठलेल्या पाण्यात, चाळीस फुटांवरून सूर मारायचा. तिथल्या मंडळींनी त्याचं नाव खंड्या ठेवलं होतं. पुढे ते नाव घरातही आलं. बहीण खुशीत असली की त्याला 'अहो' म्हणायची, आणि चिडली की मला म्हणायची, 'तुझा खंड्या बघ काय करतोय.' जणू मीच तो पाळला होता.

"दादा, मला लिहायला हरकत नाही," तो म्हणाला. "पण उद्या कंपनीच्या माणसानं विचारलं, शेवटचं काय वाचलंत, तर काय सांगू? एका वेळी फक्त सहा माणसं?"

सात वर्षांची भाची खुदकन हसली. मला हसता आलं नाही, कारण तो कंपनीचा माणूस मीच होतो. एकोणीस वर्षं मी छाननीच्या टेबलावर बसत होतो. लोकांचे अर्ज वाचायचे, त्यातली थाप हुडकायची आणि लाल चिठ्ठी लावून परत पाठवायचे, एवढंच माझं काम. चौदाव्या प्रश्नापुढे निम्मं शहर 'वाचन' लिहायचं. त्या अर्जांवर विश्वास ठेवला असता तर आमच्याइतकं वाचणारं शहर जगात नसेल असं वाटलं असतं. प्रत्यक्षात संध्याकाळी वाचनालयात मी असायचो आणि पंखा.

मी दोघांना समजावून सांगितलं, की खोटं लिहिलं आणि पुढे काही घडलं, तर चौकशीला माणूस येतो, शेजाऱ्यांना विचारतो, आणि मग भरलेले हप्तेही जातात. शिवाय मी स्वतःच्या हाताने खोटं लिहिणार नाही.

"मग खरं लिहा," खंड्या म्हणाला.

"खरं लिहिलं तर अर्ज नामंजूर होतो."

"आणि लिफ्टचं काम? ते चालतं?"

"ते चालतं. थोडा जादा हप्ता पडतो."

त्याने जरा विचार केला. विचार करताना तो हाताला लागलेलं ग्रीस अंगठ्याने चोळायचा, ग्रीस नसलं तरी. "म्हणजे पोटासाठी पडलो तर चालेल, हौसेसाठी पडलो तर नाही. आता बघा, त्या बोगद्यातला दोर कुणी बदलला, कधी बदलला, मला ठाऊक नसतं. खाणीत मी पाणी बघून उडी मारतो. आणि धोका कशाला म्हणायचा, तर खाणीला."

"नियम तसा आहे," मी म्हणालो. आयुष्यात मी सगळ्यांत जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य बहुधा हेच असेल.

त्या नियमाला एक पळवाट होती, तीही मीच सांगितली. छंद सोडून पूर्ण चोवीस महिने झाले असतील तर तो नसल्यासारखाच धरतात. तसं लिहून द्यायचं, एका साक्षीदाराची सही घ्यायची. मग कामावर पडलं तरी पैसे, अंथरुणाला खिळलं तरी दरमहा पैसे.

बहीण वळली. "मग सोडा की चोवीस महिने. आईच्या पोटातून सूर मारत आला होतात का?"

"बघू," तो म्हणाला, आणि अर्ज घडी होऊन माझ्या पिशवीत परत गेला.

बहिणीने जिन्यापर्यंत येऊन मला गाठलं. तिचं म्हणणं एवढंच होतं, की तिला श्रीमंत व्हायचं नाही, पण रंगाऱ्याच्या बायकोसारखंही व्हायचं नाही. तुझं तो ऐकतो, तू काहीतरी कर.

रंगारी म्हणजे खाणीवरचा खंड्याचा जोडीदार. उंच इमारतींना दोरावर लोंबकळून रंग देणारा हा माणूस तीन वर्षांपूर्वी पाणी कमी असताना कड्याच्या वरच्या टप्प्यावरून सूर मारायला गेला होता आणि तेव्हापासून पलंगावर होता. मी खंड्याला त्याच्याकडे घेऊन गेलो. ते समजूतदारपणाने केलं की कावेबाजपणाने, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याला म्हणालो, इकडून जातोच आहोत तर डोकावू.

एका गॅरेजवरची खोली होती. पलंग दाराशी लावला होता, म्हणजे जिना चढणारा माणूस त्याला दिसावा. खंड्याने विचारलं, पाठ कशी आहे. तो म्हणाला, "पाठ आहे हे मला लोक सांगतात." दोघे मोठ्याने हसले. त्याची बायको खिडकीशी बसून शर्टांना बटणं लावत होती. शेजारी शर्टांचा गठ्ठा तिच्या खांद्याएवढा होता. तिने चहा दिला, त्यातला एक कप बिनकानाचा होता, तो तिने स्वतःसाठी ठेवला. आम्ही निघालो तेव्हा ती माझ्यामागे जिन्यापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "साहेब, तुम्ही विम्यात आहात ना? यांचा आता काही निघेल का?"

मी म्हणालो, आता नाही निघणार. दुकान बंद झालं असं कुणी सांगावं तशी तिने मान हलवली आणि आत गेली.

आम्ही दोन चौक ओलांडले. मग खंड्या म्हणाला, "त्यानं पट्टा बघितला नव्हता, दादा."

खाणीच्या कड्यात, पाण्याच्या जरा वर, काळ्या दगडाचा एक थर आडवा गेला होता. त्याला ती मंडळी पट्टा म्हणत. पाणी पट्ट्याला टेकलं असेल तरच वरच्या टप्प्यावरून सूर मारायचा, नाहीतर खालूनच, असा त्यांचा नियम. कुठे लिहिलेला नव्हता, पण माझ्या कंपनीच्या नियमापेक्षा तो जास्त पाळला जायचा. रंगाऱ्याने एकदाच मोडला होता.

"त्यानं बघितला नव्हता," खंड्या पुन्हा म्हणाला. आणखी थोडं चालल्यावर त्याने विचारलं, "चोवीस महिने ना?"

त्याने एकच अट घातली. शेवटचा सूर मी बघायचा. म्हणाला, साक्षीदार तुम्हीच होणार आहात ना, मग डोळ्यांनी बघून लिहा.

मी खाणीवर त्याआधी कधी गेलो नव्हतो. मला पोहता येत नाही. उंचीवर उभं राहिलं की माझ्या तळव्यांना घाम येतो. मी बूट न काढता एका दगडावर बसलो, मांडीवर त्याचे घडी केलेले कपडे आणि त्यांच्यावर माझं पुस्तक, हातात घड्याळ. पाणी हिरवट काळं आणि अगदी स्थिर होतं. पट्टा भिजलेला दिसत होता. खंड्या वरच्या टप्प्यावर उभा राहिला तेव्हा मला तो ओळखूच येईना. घरात खांदे पाडून चालणारा, दारातून आत येताना उगाच मान खाली घालणारा हा माणूस तिथे असा सरळ उभा होता, की त्याची उंची मी इतकी वर्षं चुकीची धरली होती असं मला वाटलं. त्याने दोन श्वास घेऊन सोडले. तिसरा घेतला आणि धरून ठेवला. आणि तो गेला.

पाण्याचा फारसा आवाजही झाला नाही. मी मोजू लागलो. मला काही कळेनासं झालं की मी मोजतो. पाण्यावर वर्तुळं पसरली, कड्याला लागून परतली, आणि तो दिसेना. सतराला त्याचं डोकं वर आलं, मी बसलो होतो त्यापासून फार लांब, आणि त्याने श्वास सोडला तो मला एवढ्या लांबूनही ऐकू आला.

तो पोहत काठाला आला. "लिहिलं?" त्याने विचारलं. मी डायरीत तारीख आणि वेळ लिहीत होतो, सात वाजून पन्नास मिनिटं. त्याच्या कोपरावरून पाणी पानावर ठिबकलं. तो डाग अजून आहे.

त्यानंतर त्याचे रविवार मोकळे झाले. पहिले काही महिने त्याने घरातलं सगळं दुरुस्त केलं, मग शेजाऱ्यांचं, मग जे बिघडलेलं नव्हतं तेही. भाचीच्या सायकलची घंटा त्याने एवढ्या वेळा उघडली की ती वाजेनाशी झाली. बहीण सुरुवातीला खूश होती. मग म्हणू लागली, की हे घरात असतात तेव्हा कुणीतरी बसची वाट बघत बसल्यासारखं वाटतं. त्याचं वजन वाढलं. त्याने रविवारचीही कामं घ्यायला सुरुवात केली.

मी मात्र त्याच्यावर मनातून खूश होतो. हे लिहायला संकोच वाटतो, पण आता लपवून काय करायचं. आता तोही माझ्यासारखाच रविवार काढत होता. मी न चढलेले सगळे डोंगर आणि न पोहलेलं सगळं पाणी यांचा जणू आपोआप निकाल लागला होता. माझा स्वतःचा भरपूर विमा होता. लग्न न केलेल्या, रस्ता ओलांडायला हिरव्या दिव्याची दोनदा वाट बघणाऱ्या माणसाचा. कुणासाठी काढला होता, ते काढताना मला सुचलं नव्हतं.

विसावा महिना चालू होता. आमच्या कचेरीच्या इमारतीची लिफ्टही त्याच्याचकडे असे. त्या सोमवारी मी जिना चढून वर गेलो, तर चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं, बाहेर 'काम चालू आहे' असा फलक, आणि आतून शीळ. कित्येक महिन्यांत मी त्याची शीळ ऐकली नव्हती.

मला बघून तो टपावरून उतरला. "दादा, एक सांगू? तिला सांगू नका."

मी फलकाच्या अलीकडे थांबलो.

"काल एक मारला. एकच. पाणी पट्ट्याच्या वर हातभर होतं. असं पाच-सहा वर्षांतून एकदा येतं, दादा. मी नुसता बघायला गेलो होतो, खरंच." त्याचा चेहरा एखाद्या पोराने बक्षीस दाखवावं तसा होता. अंगावर साधा ओरखडाही नव्हता.

या क्षणाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबतो. मी म्हणू शकलो असतो, की मी काही ऐकलं नाही. त्याने माझ्याशिवाय कुणालाही सांगितलं नव्हतं. कंपनीला कळण्याचा प्रश्नच नव्हता. चौकशीचा माणूस आला असता तरी त्याला वीस महिने घरात बसलेला मेव्हणाच सगळ्यांनी सांगितला असता. आणि तो मला सांगत होता ते छाननीच्या कारकुनाला नव्हे, बायकोच्या भावाला सांगत होता. हे सगळं मला आज दिसतं. त्या दिवशी मी खिशातून डायरी काढली.

"मग मोजणी कालपासून," मी म्हणालो.

त्याला आधी ती थट्टा वाटली. "कालपासून म्हणजे?"

"पूर्ण चोवीस महिने लागतात. मधे खंड पडला."

"चारच राहिले होते, दादा."

"साक्षीदार म्हणून सही माझी आहे, भावजी. मी खोटी कशी करू?"

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रागाने नाही. एखाद्या यंत्राचा आवाज ऐकून बिघाड कुठे आहे ते शोधताना तो जसा बघायचा, तसा. मग अंगठ्याने बोटावरचं ग्रीस चोळत म्हणाला, "बरोबर आहे. तुमचंही बरोबर आहे." तो पुन्हा टपावर चढला. मी माझ्या मजल्याकडे निघालो. शीळ थांबली होती.

मी त्याला पाहिजे तर सवलत देतो असं मनाशी ठरवलंही होतं, चार महिने होऊ देत, मग बघू. तसं झालं असतं की नाही, मला माहीत नाही. चार महिने झाले तेव्हा मी डायरी उघडून बघितली आणि मिटली. अर्ज माझ्या टेबलाच्या खणात होता, चौदावा प्रश्न सोडून सगळा भरलेला, खाली त्याची सही. बहिणीने एकदा विचारलं, तेव्हा म्हणालो, होईल. तिला वाटलं कचेरीच्या कामाला वेळ लागतोच.

अर्ज जायला हवा होता त्यानंतर तीन महिन्यांनी खंड्या पडला. खाणीत नाही. एका नव्या इमारतीत तो लिफ्टच्या टपावर वाकून काम करत होता. 'काम चालू आहे' हा फलक कुणाच्या तरी सामान नेण्याच्या वाटेत आला, म्हणून त्या माणसाने उचलून भिंतीला लावून ठेवला, उलटा. मग कुणीतरी बटण दाबलं, लिफ्ट एकदम हलली. तो तिसऱ्या मजल्यावरून तळाच्या खड्ड्यात गेला. तिथे पट्टा नव्हता आणि पाणीही.

तो वाचला. कमरेखालचं शरीर गेलं. त्याला कामं देणाऱ्या कंत्राटदाराने आठवडाभराचं बिल भरलं, मग त्याचा फोन लागेना. हजेरीच्या वहीत खंड्याचं नावच नव्हतं.

दवाखान्यात तिसऱ्या आठवड्यात बहिणीने तो प्रश्न विचारला. मी पलंगाच्या एका बाजूला, ती दुसऱ्या. तिच्या हातात सफरचंद सोलायची सुरी होती. "दादा, दोन वर्षं तर केव्हाच झाली होती. तू वहीत लिहून ठेवलं होतंस. मग अर्ज का नाही गेला?"

मी सांगायला सुरुवात करणार होतो. खरंच करणार होतो, असं मी स्वतःला पटवत आलो आहे. पण त्याआधी उशीवरून आवाज आला.

"मीच चालढकल केली," खंड्या म्हणाला. "दादा मागं लागले होते. मी म्हटलं, हप्ता सुरू होईल, पुढच्या महिन्यात बघू."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने सफरचंद तसंच अर्धवट सोललेलं ताटलीत ठेवलं आणि बाहेर गेली. मी त्याच्याकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता. 'मग खरं लिहा' म्हणणाऱ्या माणसाने बायकोच्या तोंडावर खोटं सांगितलं होतं, आणि खोटी सही करणार नाही म्हणणारा मी गप्प बसलो होतो. साक्षीदार म्हणून माझी ती सहीच होती.

त्या एका वाक्याची किंमत तो पुढे अनेक वर्षं चुकवत राहिला. बहिणीने घर बदललं, तळमजल्यावरची एक खोली आणि मागे स्वयंपाकाचा आडोसा घेतला. ती लाँड्रीत इस्त्री करायला जाऊ लागली. तिच्या उजव्या मनगटावर भाजल्याच्या आडव्या खुणा आहेत, पट्टीवरच्या रेघांसारख्या. भाचीने शाळेनंतर शिक्षण सोडलं आणि औषधांच्या दुकानात उभी राहिली, तिथून बापाची औषधं थोडी स्वस्त मिळतात म्हणून. मी माझ्या परीने मदत करतो. बहीण ती घेते, पण घेताना नवऱ्याला ऐकवते. "दादा होता म्हणून. तुमच्या चालढकलीवर राहिलो असतो तर रस्त्यावर असतो." तो म्हणतो, "खरं आहे." मी चहा पितो. मला चहा नेहमी चांगल्या कपात मिळतो.

सगळं सांगून टाकावं असं मी कितीदा ठरवलं. दरवेळी एक कारण सापडलं. तिचा माझ्यावरचा विश्वास तेवढा उरला आहे, तोही गेला तर ती मदत घेणार नाही, हे त्यांतलं सगळ्यांत चांगलं कारण. बाकीची कारणं चांगली नाहीत.

निवृत्त झाल्यापासून मी दर रविवारी सकाळी त्याच्याकडे जातो आणि वाचून दाखवतो. सुरुवात त्यानेच केली. म्हणाला, "दादा, अर्जात लिहायचं राहिलं ते आता खरं करून टाकू." प्रवासाची पुस्तकं त्याला आवडतात. समुद्र आला की तो म्हणतो, पुढचं पान घ्या. वाळवंट त्याला चालतं.

पण वाचायला बसण्याआधी एक गोष्ट व्हावी लागते. माझी बस खाणीवरून येते. पहिल्या रविवारीच त्याने विचारलं, "पाणी कुठवर आलंय?" मी बघितलं नव्हतं. पुढच्या रविवारी मी एक थांबा आधी उतरलो, कुंपणाशी उभा राहून पाहिलं आणि येऊन सांगितलं, पट्ट्याच्या दोन हात खाली. त्याने मान हलवली. तेव्हापासून तो रिवाज झाला. एकदा पाणी इतकं आटलं होतं की तळाला पडलेली एक गंजकी गाडी दिसत होती. मी तेही सांगितलं. अंदाजाने नव्हे, नीट बघून सांगत होतो. मला वाटायचं, निदान ही नोंद तरी माझ्या हातून अचूक व्हावी.

दोन वर्षांपूर्वी खाणीभोवती पत्रे लागले. मग पाडलेल्या इमारतींचा राडारोडा घेऊन ट्रक येऊ लागले. मी दर आठवड्याला उतरून पत्र्याच्या फटीतून बघत होतो. आधी पाणी पांढरट झालं, मग चिखल, मग काहीच नाही. काळा पट्टा सगळ्यांत शेवटी बुजला. आता तिथे सपाट मैदान आहे आणि मोटारी उभ्या करायला पांढऱ्या रेघा मारल्या आहेत.

ज्या रविवारी पाणी संपलं त्या दिवशी मी रस्ताभर वाक्य जुळवत आलो होतो. खुर्ची ओढली. त्याने विचारलं, "पाणी कुठवर?"

"पट्ट्याला टेकलंय," मी म्हणालो.

माझ्या तोंडून ते कसं आलं, कळलं नाही. आयुष्यातली पहिली खोटी नोंद, आणि मी लगेच पुस्तक उघडलं. त्यानंतर मी दर आठवड्याला पाणी थोडं थोडं हलवत आलो आहे, फार नाही, खरं वाटेल एवढंच. बस आता खाणीवर थांबत नाही. मला उतरायचं कारणही नाही.

परवाच्या रविवारी गेलो तर त्याला बरं नव्हतं. ताप होता, पाठीची जखम पुन्हा चिघळली होती. हात पांघरुणावर होते आणि अंगठा बोटांवर फिरत होता. बहीण आडोशाला ओट्याशी पाठ करून भांडी पुसत होती. मी पुस्तक काढलं, चष्मा लावला.

"पाणी?" त्याने विचारलं.

"वर आलंय."

"पट्ट्याच्या वर?"

"वर."

"किती?"

आडोशामागचा भांड्यांचा आवाज थांबला. बहिणीच्या लाँड्रीचा रस्ता त्या मैदानावरून जातो. गेले कित्येक महिने ती रोज दोनदा त्या पांढऱ्या रेघांवरून चालते. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"हातभर," मी म्हणालो.

एक ताटली ठेवल्याचा आवाज आला, मग दुसरी.

खंड्याने डोळे मिटले. दोन श्वास घेऊन सोडले. तिसरा घेतला आणि धरून ठेवला. मी पुस्तक मांडीवर ठेवून मोजू लागलो. दहा झाले, बारा झाले. त्याचा अंगठा फिरायचा थांबला होता. सतराला त्याने श्वास सोडला.

"वाचा पुढं, दादा," तो म्हणाला.